काल तर दिसत होतं

“काल त दिसत होतं न माय तुले, आज काय झालं?” दारव्ह्याकडच्या एका घरात हे ऐकलं. मुलाच्या आवाजात राग नव्हता. तरी डाळ निवडणारा मायचा हात थांबला.

तिचं कालचं दिसणं खरं होतं, आजचं न दिसणंही खरं. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, कधी फुटतात. आत रक्त उतरलं की समोर काळं जाळं येतं. ते ओसरलं की पुन्हा थोडं दिसू लागतं. साखर वरखाली झाली तरी नजर बदलते.

आपल्याला ओळख मोतीबिंदूची. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, दिसू लागलं. पडद्याच्या आजारात गेलेली नजर बहुधा तशी परत येत नाही. लेसर आणि इंजेक्शनं मुख्यतः उरलेली राखतात. घरचे ऑपरेशनची वाट पाहत राहतात, आणि त्यांचं मन मोडू नये म्हणून माय दिसतंय असं म्हणत राहते. हे एकटेपण मला अंधारापेक्षा जड वाटतं.

म्हणून रोज सकाळी नव्याने विचारावं, “आज कसं दिसते?” दिसत असेल तर डाळ तिलाच निवडू द्यावी. नसेल तर सिरिंजमधलं इन्सुलिनचं माप दुसऱ्याने पाहावं, सुई तिची तिने टोचावी. मिठाचा डबा जागचा हलवू नये.

पाय मात्र एकट्या तिच्यावर सोडू नयेत. तळव्यांची जाणीवही मधुमेहात कमी होते. वावरात पऱ्हाटीचं धसकट रुतलं तरी कळत नाही, आणि जखम दिसतही नाही. रात्री कुणीतरी उजेडात तळवे पाहावेत. मुलाने हे काम बायकोवर ढकलू नये. सणाला आईच्या पाया पडतोच, मग रोज पाय पाहायला संकोच कसला?

त्या मुलालाही शुगर आहे. सगळं लख्ख दिसते, म्हणतो. पडदा बिघडू लागतो तेव्हाही लख्खच दिसतं. म्हणून तर वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून तो तपासायचा. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मायला नेईल तेव्हा त्याने स्वतःचीही चिठ्ठी काढावी. सोबत तिसरं कुणी न्यावं. थेंब घातल्यावर काही तास त्यालाही धूसर दिसेल.