‘स्यात्’ला जोडलेला ‘च’

दाव्याच्या शेवटी पक्षकाराला सत्यापन लिहावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 6, नियम 15 सांगतो की कुठला परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून खरा आणि कुठला दुसऱ्याकडून कळून खरा मानलेला, हे क्रमांकानिशी दाखवा. सांगलीत वकिली करताना मी पाहिलं, की बहुतेक दाव्यांत एकच ओळ असते : वरील सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे. मग उलटतपासणीत मी विचारायचो, ‘‘बांध फोडताना तुम्ही स्वतः पाहिलं?’’ उत्तर येई, ‘‘नाही साहेब, चुलते सांगत होते.’’

अशा वेळी मला स्याद्वाद आठवे, म्हणजे प्रत्येक विधानाला ‘स्यात्’ जोडण्याचा जैन सिद्धांत. आमचं घर जैन. ‘तुमचा स्याद्वाद म्हणजे असेलही, नसेलही’ ही थट्टा लहानपणापासून ऐकत आलो. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असं धरलं तर ती थट्टा रास्तच आहे. पण जैन आचार्य इथे ‘स्यात्’ हे अव्यय मानतात : ‘अमुक अपेक्षेने’, म्हणजे अमुक दृष्टीने पाहता. शिवाय त्याच्या जोडीला ‘एव’ ठेवतात, म्हणजे आपला ‘च’. अमुक अपेक्षेने आहेच.

मल्लिषेणाने 1292च्या सुमारास ‘स्याद्वादमंजरी’त घटाचं उदाहरण दिलं आहे. घट द्रव्याने मातीचा आहे, पाण्याचा नाही. क्षेत्राने पाटलीपुत्रातला, कान्यकुब्जातला नाही. काळाने शिशिरातला, वसंतातला नाही. भावाने काळा, तांबडा नाही. यात ‘कदाचित’ कुठे आहे? चारही बाजूंनी खुणा ठोकून मग ‘आहेच’ म्हटलं आहे.

ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्यांचा आक्षेप आहे, की एकाच वस्तूत एकाच वेळी असणं आणि नसणं संभवत नाही. एकाच अपेक्षेने म्हटलं तर तो बिनतोड आहे. जैनांचं म्हणणं, ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या अपेक्षाच वेगळ्या आहेत. तरी या आक्षेपाचा एक उपकार मी मानतो : अपेक्षा उघड न सांगता नुसतं ‘स्यात्’ म्हणणाऱ्याला तो पळू देत नाही.

कारण सावध शब्द दोन प्रकारचे असतात. ‘परिच्छेद 4 चुलत्यांच्या सांगण्यावरून’ म्हणणारा स्वतःला बांधून घेतो. चुलते खोटे ठरले तर काय कोसळेल, हे तो आधीच सांगतो. ‘सर्व मजकूर माझ्या समजुतीप्रमाणे’ म्हणणाऱ्याला कशानेच धरता येत नाही. म्हणून कुणी अट घातली की मी एवढंच विचारतो : ही अट पुरी झाली, तर ‘च’ लावायला तयार आहात का? नसाल, तर ती अट नव्हे, पळवाट.