शिक्षा आधी, निवाडा मागाहून?

ज्या गावाला आपण पिढ्यान्‌पिढ्या इस्लामपूर म्हणत आलो, तेथील सत्र न्यायालयात एखाद्याला जन्मठेप होते. काही काळाने तोच मनुष्य गावात दिसू लागतो. ‘गुन्हा शाबीत झाला होता ना? मग हा सुटला कसा?’ असा सवाल पारावर उठतो आणि उत्तरही तेथेच ठरते : पैसा बोलला!

संशय बाजूला ठेवून प्रश्नाकडे पाहू. खटला चालू असताना आरोपी निर्दोष मानला जातो. दोषी ठरताच ते कवच गळून पडते. म्हणून गंभीर गुन्ह्यात शिक्षेनंतरचा जामीन हा हक्क नव्हे. अपील न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा स्थगित करू शकते, एवढेच. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० मध्ये आहे. जन्मठेपेसारख्या प्रकरणी सरकारी वकिलाला लेखी हरकतीची संधी द्यावी लागते. अपील फेटाळले गेले, तर बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरला जात नाही.

मग जामीन द्यावाच कशाला? १९७७ साली कश्मीरासिंग प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी या प्रश्नाला हात घातला. अपील ऐकायला न्यायालयाला वर्षानुवर्षे सवड नसेल आणि अखेरीस मनुष्य निर्दोष ठरला, तर तुरुंगात गेलेल्या वर्षांची भरपाई कोण करणार? जामीन चुकून दिला, तर उरलेली शिक्षा नंतर भोगवता येते. चुकून नाकारला, तर गेलेले आयुष्य परत करता येत नाही.

परंतु तराजूला दुसरे पारडेही आहे. ज्या घरचा कर्ता मारला गेला, त्या घरातील विधवेने दोषी ठरलेल्याला रोज दारावरून जाताना पाहावे काय? तिची भीतीही कोणी भरून देत नाही. साक्षीदारांना धोका असेल, तेथे जामीन नाकारणेच न्याय्य. इतरत्र गावबंदीसारख्या अटी तरी हव्यात.

आणि दया माणूस पाहून वाटली जाऊ नये. १९६० साली उच्च न्यायालयाने कमांडर नानावटींना जन्मठेप सुनावताच राज्यपालांनी शिक्षा स्थगित करून त्यांना नौदलाच्या ताब्यात ठेवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना हा आदेश चालू शकत नाही, असे त्या न्यायालयाने ठरविले. नानावटींना वाट पाहण्यासाठी नौदलाची छावणी मिळाली होती. निर्धन कैद्याला कित्येकदा चांगला वकीलही मिळत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सांगली-सातारकरांची मुंबईची पायपीट वाचली. पण अंतर घटले म्हणून विलंब आपोआप घटत नाही. माझ्या मते, वेळेवर झालेली सुनावणी हाच खरा न्याय. ती देता येत नसेल, तर विलंबाचा सारा भार एकट्या कैद्याच्या शिरी घालण्याचा अधिकार समाजाला नाही.

संत पौलाने कैसराकडे दाद मागितली. त्याला शिक्षा झालेली नव्हती, तरीही पहारा होता. रोममध्ये दोन वर्षे तो स्वतःच्या भाड्याच्या घरात राहिला. सोबतीला शिपाई होता, पण दार येणाऱ्या-जाणाऱ्यांस उघडे होते. पुढे निकाल काय लागला, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगत नाही. तो वाट कशी पाहत होता, एवढे मात्र सांगते.