सव्वा महिना आणि सव्वीस आठवडे

ओल्या बाळंतिणीने सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये, हा आपल्याकडचा जुना दंडक. त्यात विटाळाची कल्पना होतीच. पण शेक-शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू आणि बाजेवरची सक्तीची विश्रांती यांमागे एक व्यवहारी शहाणपणही होते. निदान तेवढे दिवस तरी बाईकडून काम मागायचे नाही. कायद्याने ही मुदत वाढवली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. बारामतीच्या महाविद्यालयात, बँकेत किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी करणारी बाई या रजेवर हक्क सांगू शकते. त्याच तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर कारखान्यांसाठी, किंवा शेजारच्या इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांसाठी ऊस तोडायला आलेल्या बाईला मात्र सव्वा महिन्याचीही खात्री नाही. हा फरक पाहिला की रजा वाढवून द्या, असे चटकन सुचते. माझ्या मते प्रश्न रजेच्या लांबीशी संपत नाही. रजा केव्हातरी सरतेच; त्या दिवशी बाळ कुणापाशी ठेवायचे, यावर बाईचे कामावर परतणे अवलंबून असते. आणि हा प्रश्न आपण अजूनही ज्याच्या-त्याच्या घरचा मानतो.

ऊसतोडीत हे सर्वांत उघडपणे दिसते. दिवाळीच्या मागेपुढे बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या निघतात, तेव्हा मोजदाद माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर आणि फिटतेही कोयत्यानेच. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. त्यामुळे ती बाळंत झाली की तिची मजुरी तर बुडतेच, शिवाय त्याचेही काम अडते, खाडा पडतो आणि उचलीचा बोजा पुढच्या हंगामावर जातो. अशा हिशेबात बाळंतीण लवकर फडात आली, तर तिला किंवा तिच्या नवऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे, खरे नाही. बाळ पाचटावर नाहीतर साडीच्या झोळीत, आणि त्याच्याकडे पाहायला पाच-सहा वर्षांची बहीण, म्हणजे तिचीही शाळा गेली. रजा द्यायची तर ती देणारा मालक लागतो, आणि इथे तोच सापडत नाही. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम स्वतःच कुणाकडून तरी पैसे उचलून आलेला. मात्र शेतकऱ्याला द्यायच्या ऊसदरातून (एफआरपी) तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करतो तो कारखानाच. प्रसूती लाभासाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेले असावे, अशी अट आहे; चार-पाच महिन्यांच्या हंगामात ही बाई ती सहज ओलांडते. दिवस भरतात, पण ते कुणाच्या हजेरीवर मांडायचे?

एमआयडीसीत मालक सापडतो, तिथे अडचण वेगळी आहे. बारामतीच्या हाय-टेक टेक्स्टाईल पार्कमध्ये शिलाईच्या यंत्रांवर प्रामुख्याने बायकाच बसतात. आसपासच्या गावांतून त्या रोज येतात-जातात. १९४८ च्या कारखाने कायद्याने ३० पेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. हेतू चांगला, पण त्याने मूल हा बाई कामावर घेण्याचा जादा खर्च ठरवला, आणि एकतिसावी बाई न घेण्याचे कारण मालकाच्या हाती दिले. २०१७ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून ५० कर्मचारी असा निकष आणला. शिवाय पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दोन सुट्ट्या तर आधीपासूनच होत्या. हे मोठे पाऊल होते. तरीही पन्नासच्या आतली दुकाने, दवाखाने, खासगी क्लास, द्राक्षे-डाळिंबे निवडून भरणाऱ्या शेड यांतली बाई बाहेरच राहिली, आणि आपल्या भागात अशाच जागा फार. पाजण्याच्या सुट्टीचा उपयोगही बाळ हाकेच्या अंतरावर असेल तरच. ते वीस किलोमीटरवरच्या गावी असेल, तर ती सुट्टी कागदावरची. म्हणून पाळणाघर एकेका मालकाच्या हजेरीपटाला बांधण्यापेक्षा जागेला बांधावे: एका औद्योगिक वसाहतीला एक, एका बाजारपेठेला एक, एका कारखान्याच्या तळाला एक. अनेकांनी मिळून सामाईक सोय करण्याची वाट २०१७ च्या दुरुस्तीत ठेवलेलीच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: घरात सासू आहे, आजी आहे, पाळणाघराचे शहरी खूळ गावात कशाला? आजीच्या मायेला कुणी नाकारत नाही. पण ही आजी पंचेचाळीस-पन्नासची असते आणि तीही खुरपणीला, कांदा काढायला रोजाने जाते. ती घरी बसली की तिचा रोज बुडतो. तो कुणी मोजत नाही, एवढ्यावरूनच ही सोय फुकटची वाटते. ऊसतोडीत तर आजी बहुधा गावाकडे, मोठ्या नातवंडांपाशी राहते; अंगावरचे मूल आईबरोबरच येते. दुसरा आक्षेप अंगणवाडीचा. अंगणवाडीत सहा महिन्यांपासूनच्या बाळाला आहार मिळतो हे खरे, पण तिथे बसायला जातात ती तिनापासून सहा वर्षांची मुले, तीही काही तासच. पहाटे फडात जाणाऱ्या आईला त्याचा आधार नाही. तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्या, असे डॉक्टरच सांगतात. मग आईला कामावर बोलावण्याची सोय लावता कशाला, तिला घरी बसण्याचे पैसे द्या. द्यावेतच. पण प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी मिळतात ५,००० रुपये. एवढ्यावर सहा महिने कुणी घरी बसू शकत नाही, उचल घेतलेली बाई तर नाहीच. ती रक्कम जगण्याइतकी होईपर्यंत आजच्या बाळाला थांबवून ठेवता येत नाही.

मग खर्च कुणी करायचा? हा वाद इथे नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना म्हटले होते की आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. १९२९ चा कायदा झाला, पण भार एकट्या मालकावर ठेवून. कर्मचारी राज्य विम्याने पुढे दुसरा रस्ता दाखवला: वर्गणी पुरुष कामगारांच्या पगारावरही बसते, त्यामुळे बाई कामावर घेतल्याने मालकाचा खर्च वाढत नाही. पाळणाघराचा खर्चही असाच सर्वांवर पसरवता येतो. ऊसतोडीत त्याचा साचा तयार आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले आहे. त्यातला ठरावीक हिस्सा टोळीतल्या मुलांसाठी बाजूला काढायला नवा कायदा लागत नाही.

टोळ्या फिरत्या, पाळणाघर कुठे मांडणार, ही अडचण खरी आहे. बैलगाडीवाल्या टोळ्या हंगामभर कारखान्याजवळच्या तळावर राहतात, तिथून सुरुवात सोपी. ट्रॅक्टरबरोबर गावोगाव हलणाऱ्या टोळीत मात्र पाळणाघराला टोळीबरोबरच हलावे लागेल. त्यासाठी टोळीतलीच एखादी वयस्क बाई मुले सांभाळायला ठेवावी आणि तिची अर्ध्या कोयत्याची मजुरी या निधीतून रोजच्या रोज मांडावी. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईलाही पहिले काही आठवडे तिच्या जोडीला बसवून तेवढीच मजुरी लावता येईल. बाळ तिच्याजवळ राहील, आणि मुकादमाच्या वहीत त्या दिवसांचा खाडा पडणार नाही.