वीस वर्षांची अट

वर्धा जिल्ह्यात हिंगणीजवळ बोर धरण आहे आणि त्याच्या भोवती जंगल. 2014 साली या जंगलाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सरपणासाठी आत जाणं आधीही जोखमीचंच होतं, ते आणखी अवघड झालं. त्यामुळे सेलू तालुक्याच्या या पट्ट्यात पाणी तापवायचा गिझर ही चैन उरलेली नाही. ऐन डिसेंबरात तो बंद पडला की अंगणातली चूल पुन्हा पेटते, आणि चुलीला लाकूड लागतंच.

खरं तर गिझरमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. एक कॉइल, एक थर्मोस्टॅट, पाणी जास्त तापलं तर वीज तोडणारा कटआउट. विहिरीच्या नाहीतर बोअरच्या जड पाण्यात विरघळलेले क्षार तापल्यावर वेगळे होतात आणि कॉइलवर चुन्यासारखे चिकटतात. या थरामुळे बिल फुगतं असं सगळे म्हणतात. ते फारसं खरं नाही. पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता जाऊन जाऊन जाणार कुठे, पाण्यातच. जळते ती कॉइल, कारण थराआड तिची उष्णता कोंडते. मेन स्विच बंद करून, तारा सोडवून मल्टिमीटर लावला तर दोन किलोवॅटच्या कॉइलचा रोध 26 ओहमच्या आसपास यायला हवा. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलेली. टर्मिनल आणि बाहेरची नळी यांच्यात जोड दिसला तर वीज पाण्यात उतरते आहे. शाळेतलं विज्ञान ज्याला आठवतं त्याला हे कळतं. टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा दांडाही बहुतेक गिझरांत असतो. तो वेळेवर बदलायचा असतो, हे विकताना सहसा कोणी सांगत नाही. दांडा संपला की टाकी गंजते, आणि टाकी गळली की विषयच संपला.

एवढं साधं यंत्र घरच्या घरी दुरुस्त का होऊ नये? याचं उत्तर वर्ध्याच्या माणसाने तरी चरख्यापाशी शोधावं. 1929 साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. सूत किती निघावं हे अटींत होतंच. पण मला मोलाच्या वाटतात त्या पुढच्या अटी: किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, वेळच्या वेळी देखभाल केली तर यंत्र किमान वीस वर्षं चालायला हवं, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते, हे आपण फार सहज बोलून जातो. शिलाई मशीन तर त्यांनी 1924 मध्येच अपवाद म्हणून मान्य केलं होतं. चरख्याच्या या अटींत दुरुस्ती ही विक्रीनंतरची सेवा नव्हती, ती यंत्राच्या आराखड्यातच बसवलेली होती. सात हजारांच्या गिझरला तोच हिशेब लावा: वर्षाला साडेतीनशे रुपये. वर्ध्याहून माणूस नुसता बोलावला तरी त्यातले बरेचसे संपतात.

म्हणून मग गावात दुसरी दुरुस्ती चालते. थर्मोस्टॅट मिळत नाही, कटआउट मिळत नाही, तेव्हा ‘डायरेक्ट करून’ दिलं जातं. पाणी तापतं, सगळे खूश. फक्त उकळी फुटली तरी वीज तोडणारं आता आत काही उरलेलं नसतं. सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी तुंबलेला असेल तर टाकी फुटूही शकते. अशा मिस्त्रीला नावं ठेवणं सोपं आहे. सुटा भाग हाताशी नसताना बुद्धी त्याच वाटेने जाते. स्वावलंबन म्हणून आपण ज्या जुगाडाचं कौतुक करतो, त्यातला बराचसा या नाइलाजातून आलेला असतो. घरात 30 मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी आणि धड अर्थिंग नसेल, तर गिझर उघडून दुरुस्त करण्याचा हट्ट मीही धरणार नाही.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. माहिती मिळण्याची सोय झाली, चांगलंच झालं. पण गॅस्केट पोर्टलवरून हातात पडत नाही. कॉइलची बैठक एका कंपनीची एक, दुसरीची दुसरी, आणि हा फरक कशासाठी, याचं पटेल असं तांत्रिक कारण मला दिसत नाही. दिव्याचा होल्डर कोणत्याही कंपनीचा असो, सेलूच्या दुकानातला बल्ब त्यात बसतो, कारण तसं माप कोणीतरी ठरवून दिलं. कॉइल आणि गॅस्केटसाठीही तसंच एक माप सक्तीचं करता येईल. कंपन्या कुरकुर करतील. करू देत.