गेलेली ऊब

सदानं थर्माकोलच्या पेटीत बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून घरीच इनक्युबेटर केला, तीस गावरान अंडी मांडली. काटा 37.5 वर. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, कोपऱ्यात पाण्याची वाटी. सगळं पाठ. आकड्याकडं मात्र तो दर घटकेला बघायचा.

पाचव्या रात्री लाईट गेली. तीन तासांनी आली तेव्हा पेटी गार पडली होती. सदाच्या पोटात गोळा आला. गेलेली ऊब भरून काढायची म्हणून त्यानं काटा 40 वर नेला आणि तिथंच डोळा लागला. पहाटे आत 41 होते.

सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंडी धरली. लाल शिरांचं जाळं दिसायला हवं होतं; बहुतेकांत नुसतं रक्ताचं कडं. जीव गेल्याची खूण.

शेजारी आक्काची खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर रवणीला बसलेली. ऐन दुपारी ती उठून उकिरड्याकडं गेली, तसा सदा तिला हाकलत परत आणायला धावला.

"ऱ्हाऊ दे रं," आक्का म्हणाली. "रोज उठती. दाणा टिपती, धुरळ्यात लोळती आन परत बसती."

"तवर अंडी गार पडत्यात की!"

"पडत्यात. मग परत ऊब लागती."

"आल्यावर जरा जास्त ऊब देत असंल."

"जास्तीची आणंल कुठनं? अंगात हाय तेवढीच."

सदा गप्प झाला. गार पडलं तर जीव मंदावतो, पिल्लू उशिरा येतं. तापलं तर येतच नाही. हे थर्मोस्टॅटसोबतच्या कागदावरही होतं म्हणे, पण कागद कोण वाचतो?

दुसऱ्या खेपेला बाराव्या दिवशी लाईट गेली. सदानं हवेची भोकं मोकळी ठेवून पेटीवर गोधडी टाकली. लाईट आल्यावर हात काट्याकडं गेला. तो त्यानं खिशात घातला. अठराव्या दिवशी फिरवणं बंद केलं, पाणी वाढवलं. एकविसावा दिवस कोरडा गेला. बाविसाव्याला कवचं टिचू लागली.

"उघडा की आता, भिजल्यात बिचारी!" बायको म्हणाली.

"वाळू देत. दीसभर तरी पोटातल्या बलकावर निघतंय त्यांचं. तू च्या टाक."