पत्रा कापण्यापूर्वी

जुन्या पोर्शे 911चं पुढचं मडगार्ड बोल्टांनी बसवलेलं असतं. बोल्ट गंजले नसतील तर पान्याने ते उतरवता येतं, त्याजागी दुसरं बसवता येतं आणि मन बदललं तर पहिलं पुन्हा जागेवर आणता येतं. मागचं मडगार्ड मात्र सांगाड्याला वेल्ड केलेलं असतं. ते काढायचं तर पत्रा कापावाच लागतो. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये काय बदलावं आणि कशाला हात लावू नये, हा वाद जगभर चालतो. त्याचं उत्तर या दोन मडगार्डांत आहे, असं मला मनापासून वाटतं. बोल्टांनी बसवलेल्या भागांवर मालकाची मर्जी चालावी. वेल्ड केलेल्या भागांवर पुढच्या मालकांचाही हक्क आहे.

गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, असं म्हणणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांच्या निष्ठेबद्दल आदर आहे, पण 911च्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला पटत नाही. या गाडीचा अंगलोट कारखान्यानेच वर्षानुवर्षं बदलला. 1973ची कॅरेरा आरएस 2.7 घ्या. शर्यतीत उतरण्याची मान्यता मिळवायला 500 गाड्या बांधायच्या होत्या. मागणी एवढी आली की शेवटी 1580 बांधल्या गेल्या. मागची चाकं 7 इंच रुंद करायची म्हणून मागची मडगार्डं फुगवली. वेग वाढला की मागचा भाग उचलला जायचा, म्हणून इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा आला. हलक्या आवृत्तीत पत्रा आणि काचा पातळ झाल्या, आणि दार ओढायला साधी पट्टी आली. आज ज्या रूपावर जग जीव टाकतं, ते मुळात एक मॉडिफिकेशनच होतं. फक्त त्यातल्या प्रत्येक बदलामागे एक काम होतं.

पुढे 1974 आलं. ताशी 5 मैलांच्या धडकेत दिवे आणि इतर महत्त्वाचे भाग शाबूत राहिले पाहिजेत, असा नियम अमेरिकेने केला. अमेरिका ही पोर्शेची मोठी बाजारपेठ. म्हणून 911ला ॲल्युमिनियमचे जाड बंपर आले, त्यांच्या दोन्ही टोकांना धडकेत दबणारे रबरी भाते बसले आणि पुढचं बॉनेट आखूड झालं. 1989पर्यंत गाडी याच चेहऱ्याने विकली गेली. अनेकांना हा चेहरा कधीच आवडला नाही. ऐंशीच्या दशकातली गाडी घ्यायची आणि तिला लांब बॉनेट, बारीक बंपर लावून 1973ची करायची, हा आता जगभरातला एक व्यवसायच झाला आहे. ‘बॅकडेटिंग’ म्हणतात त्याला.

हे काम दोन प्रकारे होतं. काही जण फायबरचे बंपर, मडगार्डं आणि बॉनेट बोल्टांनी बसवतात आणि मूळ भाग गुंडाळून माळ्यावर ठेवतात. काही जण बॉनेटच्या कडीचा पुढचा पत्राच कापून जुन्या मापाचा जोडतात. रस्त्यावर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतील. पहिलीचा मालक उद्या गाडी पूर्ववत करू शकतो. दुसऱ्या गाडीला परतीची वाटच उरलेली नसते. आणि त्या भात्यांच्या बंपरबद्दल मला ममत्व आहे, हेही सांगतो. कायद्याने लादलेली अडचण इतक्या नीटनेटक्या रेषेत सोडवलेली गाडी त्या काळात दुसरी मला आठवत नाही. इतरांनी तर गाडीला काळ्या रबराचे ठोकळे चिकटवले. एमजीबी त्याचं दुःखद उदाहरण.

गंजाची गोष्ट वेगळी. 1976च्या मॉडेलपासून 911चा सांगाडा जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचा झाला. त्याआधीच्या गाड्या आतून कुजतात. पाणी साचतं ते रबरी पट्ट्यांखाली आणि ट्रिमच्या क्लिपांच्या भोकांत. वरून रंग चकाकत असतो आणि खाली पत्रा चाळणी झालेला असतो. तिथे डेंटरने कुजलेला तुकडा कापून त्याच मापाचा नवा जोडला, तर ती दुरुस्तीच. पुट्टी भरून वर रुंद मडगार्ड चढवणं ही फसवणूक आहे, मग ते कितीही देखणं दिसो.

जपानमध्ये चिबा इथे अकिरा नाकाई ‘आरडब्ल्यूबी’ या नावाने काम करतात. करवत घेऊन ते स्वतः मडगार्डं कापतात आणि त्यावर रुंद कमानी बसवतात. त्यांच्या हाताची सफाई पाहताना श्वास रोखला जातो, आणि तरी प्रत्येक कापाबरोबर मला चुटपुट लागते. कॅलिफोर्नियाची सिंगर कंपनी 1989 ते 1994च्या ‘964’ गाड्या घेऊन दारं सोडून जवळपास सगळे बाहेरचे पत्रे कार्बन फायबरचे करते. कारागिरी अजोड आहे. पण अशा प्रत्येक गाडीमागे एक ‘964’ कायमची संपते, आणि त्या आता नव्याने बनणार नाहीत.

आपल्याकडच्या नियमानेही रेषा जवळपास इथेच ओढली आहे. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा लागतो. एका हौसेपायी कापलेला पत्रा तीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाचा हा हक्क घालवू शकतो.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना म्हणूनच माझं सांगणं आहे: गाडी हौसेने सजवा, रंगवा, क्रोम काढून काळी ट्रिम लावा. पण उतरवलेला प्रत्येक भाग, अगदी क्लिपासुद्धा, गॅरेजवाल्याकडून मागून घ्या, त्यावर चिठ्ठी लावा आणि गाडी विकाल तेव्हा तो खोका गाडीबरोबर द्या. पत्र्याला कटर लावायची वेळ आली, तर आधी तो खरंच कुजला आहे का, हे टोचून पाहा.