सूर्याकडे पाठ

माझ्या धंद्यात नवरा-नवरीला संध्याकाळी उभं करायचं ते सूर्याकडे पाठ करून. का, ते हाताखाली नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी दाखवते. ऊन मागून आलं की केसांच्या कडा उजळतात, मुंडावळ्यांचे मोती एकेक सुटे दिसतात, शालूची जर पेटते आणि चेहरे मात्र सावलीत राहतात. त्या सावलीवर पूर्वेकडचं मोकळं आभाळ मऊ, एकसारखा उजेड टाकतं. डोळे बारीक होत नाहीत. नवऱ्याचं पांढरं उपरणं नवरीच्या हनुवटीखाली येईल असं सरकवलं, की रिफ्लेक्टर धरायला वेगळा माणूसही लागत नाही. एक हिरवा चुडा तेवढा दगा देतो, लाल उन्हात तो काळपट येतो. बाकी फोटो सुंदर निघतो. त्यावर माझं घर चाललं आहे.

त्याच लग्नाच्या विधीत मात्र नेमकं उलटं सांगितलेलं आहे. शुक्ल यजुर्वेदी घरांत पारस्कर गृह्यसूत्र चालतं. त्यात सप्तपदी झाली की वराने वधूला सूर्य दाखवायचा. सूर्य मावळला असेल तर ध्रुव. ऋग्वेद्यांच्या आश्वलायन सूत्रात ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दिसेपर्यंत वधूने बोलायचं नाही. म्हणजे नवं जोडपं एकमेकांकडे बघत बसत नाही. दोघं मिळून लांबच्या, आपल्या नसलेल्या कशाकडे तरी बघतात. मी त्यांना त्याच्याकडे पाठ करायला लावते.

आता हा विधी राहिलाय तरी कुठे म्हणा. लग्न लागतं दुपारी साडेबाराला कार्यालयात, बाहेर पंगत खोळंबलेली, आणि गुरुजी पीओपीच्या छताकडे बोट करून सांगतात, तो ध्रुव, दिसला म्हणा. दोघं दिसला म्हणतात. मीही तो फोटो काढते. पंख्याची पाती मागे येऊ नयेत म्हणून जरा खाली वाकून.

आमचे दादा सत्यशोधक वळणाचे. महात्मा फुल्यांनी 1873 साली समाज स्थापला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुरोहिताविना पहिलं लग्न लावून दाखवलं, हे आम्हा भावंडांना पाढ्यांबरोबर पाठ होतं. दादांच्या लेखी सगळ्या वेळा सारख्या. त्यांचा वाईतला स्टुडिओही तसाच होता. मागे रंगवलेला राजवाड्याचा पडदा, दोन्ही बाजूंना हजार वॅटचे दिवे, बाहेर सकाळ असो की रात्र, आत कायम एकच घटका. आणि त्यांची लेक तारीख ठरली की आधी पंचांग उघडते. मुहूर्तासाठी नाही, सूर्यास्तासाठी. दादा असते तर म्हणाले असते, फरक काय?

फरक मी पुष्कळ शोधला आणि तो वाटतो तेवढा मोठा नाही. राम दैवज्ञाने 1600 साली काशीत मुहूर्तचिंतामणी रचला. त्यात गोरज मुहूर्त कधी धरावा ते ऋतूप्रमाणे सांगितलं आहे. थंडीत बिंब मऊ, गोळ्यासारखं दिसू लागलं की. उन्हाळ्यात ते अर्धं मावळल्यावर. पावसाळ्यात पूर्ण मावळल्यावर. (चातुर्मासात लग्नं नसायची, त्यामुळे हा तिसरा नियम आमच्याकडे पोथीतच राहिला.) पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वाटलं, हा माणूस नुसता गणिती नव्हता, रोज संध्याकाळी बाहेर येऊन आभाळाकडे बघणारा होता. वाईच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत थंड हवा तळाशी बसून राहते, पेटवलेल्या पाचटाचा धूर वर सरकत नाही, आणि मावळायच्या बराच आधी सूर्य लाल, सोसवेल असा होतो. नेमका तो गोळा. गाई आता फारशा परतत नाहीत, पण साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्याच वाटेवर भरपूर रज उडवतात. चित्राला काही कमी पडत नाही.

या उजेडाबद्दल एक गैरसमज असतो. लोकांना वाटतं, संध्याकाळी सूर्य मोठा होतो म्हणून ऊन मऊ पडतं. सूर्य दुपारी आभाळात अर्ध्या अंशाएवढा असतो आणि संध्याकाळीही तेवढाच. बदलतो तो मधला रस्ता. क्षितिजाशी आलेल्या किरणांना डोक्यावरच्या मानाने सुमारे चाळीस पट हवा ओलांडावी लागते. वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबडा-पिवळा उरतो, थेट उन्हाचा जोर ओसरतो आणि सावल्यांत आभाळाचा उजेड भरतो. आपल्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळच खाली उतरतो, त्यामुळे शेवटचे सहा अंश पंचवीस-अठ्ठावीस मिनिटांत संपतात. गोल्डन अवर हे नाव थंड देशांतल्या लांबलेल्या संध्याकाळींना शोभतं. आपल्याकडे मिळते ती घटका, चोवीस मिनिटांची, वर थोडी मोड. वाईत तर तेवढीही नाही. पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो आणि आमच्या पश्चिमेला डोंगर आहे. गोरज मुहूर्ताचं लग्न असलं आणि मुलीच्या तिसऱ्या मावशीने स्वतः रचलेली मंगलाष्टकं गायला माइक हातात घेतला, की मी आणि गुरुजी दोघंही सारख्याच नजरेने तिच्याकडे बघतो.

पण खरी अडचण वेळेची नाही, शृंगाराची आहे. संध्याकाळ ही शास्त्राने शृंगाराला मना केलेली वेळ. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात दितीची गोष्ट आहे. सूर्य मावळतो आहे, कश्यप अग्निहोत्र आटोपून बसला आहे आणि दिती त्याच्याजवळ हट्ट धरते. तो तिला झिडकारत नाही. तुझी इच्छा पुरवीन, एक मुहूर्तभर थांब, एवढंच म्हणतो. कारण काय देतो? ही महादेवाची फिरण्याची वेळ. गणांना घेऊन, जटांत वावटळीची धूळ माखून तो हिंडत असतो, आणि तीन डोळ्यांनी बघत असतो. वर सांगतो, तो तुझा दीर लागतो. दिती थांबत नाही. पुढे हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू जन्मतात, आणि त्यांतला दुसरा मरतो तोही दिवस नाही, रात्र नाही अशा तिन्हीसांजेलाच.

मग ज्या वेळेला प्रेम करू नये, त्याच वेळेला लग्न लावावं असं परंपरा कशी म्हणते? तुळशीचं लग्न तर दरसाल आपण संध्याकाळीच लावतो. मला कश्यपाच्या बोलण्यात उत्तर दिसतं. तो प्रेमाला वाईट म्हणत नाही. वेळेला घोर म्हणतो खरा, पण का? या वेळी कोणीतरी पाहतं आहे, एवढंच तो सांगतो. जे साक्षीदारासमोर करायचं, त्याला ही वेळ उत्तम. जे साक्षीदार विसरून करायचं, त्याला ही वेळ वाईट. लग्नात साक्षीदाराला नाव घेऊन बोलावलेलं असतं, अग्नी समोर पेटलेला असतो, सूर्याला तर कर्मसाक्षीच म्हणतात. दितीला मात्र साक्षीदार नको होता.

आणि मी काय करते? रोज संध्याकाळी मी ओरडत असते, इकडे बघू नका, कॅमेऱ्याकडे बघू नका, मी इथे नाहीच असं समजा, एकमेकांकडे बघा. साक्षीदार तिथे आहेच. पाच हातांवर, लेन्स लावून, बाजूला नवरीच्या चपला धरून उभी असलेली करवली घेऊन. आमच्या चित्राची सगळी गोडी तो साक्षीदार नाही असं भासवण्यात आहे. यात काहीतरी खोटं आहे असं मला वाटत आलं आहे, आणि ते पोझ देण्यात नाही.

पोझला लोक उगाच नावं ठेवतात. हसा म्हटलं की हसतात, कपाळाला कपाळ लावा म्हटलं की लावतात, त्यात प्रेम कुठलं, असं पुस्तकं वाचणारी माणसं मला ऐकवतात. विधी तरी दुसरं काय आहे? गुरुजीही दिवसभर तेच सांगतात, उजवा हात पुढे, पळी धरा, आता हिच्या खांद्यावर हात ठेवा. वाईत राहून मीमांसा हा शब्द कानावर न पडणं कठीण, केवलानंद सरस्वतींचा सात खंडांचा मीमांसाकोश इथल्याच प्राज्ञपाठशाळेने काढला. मीमांसकांचं म्हणणं मला समजलं ते असं: संकल्प हवा, कर्म सांगितल्याप्रमाणे हवं, करताना ऊर भरून आला की नाही हे कोणी विचारत नाही. वारकऱ्यांचं म्हणणं याच्या उलट, भाव नसेल तर बाकी सगळं वाया. मी दोन्ही बाजूंची माणसं बघितली आहेत, कॅमेऱ्यातून बघितली आहेत, आणि माझा कल मीमांसकांकडे आहे. हात आधी जातो, मन मागून येतं. सकाळपासून अवघडलेली मुलगी कपाळाला कपाळ लावताना आधी ओशाळते, मग दोघांना एकदमच हसू फुटतं. ते मी सांगितलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट शास्त्रीबुवांच्या लक्षात येणार नाही. ठरवून झालेल्या लग्नात त्या दिवशी दोघांना दोघं म्हणून वेळच मिळत नाही. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सतत कोणी ना कोणी मध्ये. आहेराची रांग, मामा, व्याही, रुसलेले काका. माझ्या त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी करवलीलाही लांब पिटाळते. तेव्हा नवरा हळूच विचारतो, काही खाल्लंस का? मी लेन्स मुद्दाम खाली घालून बॅटरी बदलल्यासारखं करते. अशा वेळी साक्षीदाराने दुसरीकडे बघावं असं माझं मत आहे, मग महादेवाचं काही का असेना.

गुरुजींना हे सगळं एकदा ऐकवलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही शेवटी त्यांना वळवून सूर्य दाखवा. मंत्र मी आधी म्हटलेलाच असतो."

तेव्हापासून शेवटचा फोटो मी तोंड फिरवून काढते. एकमेकांकडे नाही, माझ्याकडे नाही, सरळ पश्चिमेकडे. नियम राम दैवज्ञाचाच पाळते, कारण तो मुळात डोळ्यांचा नियम आहे. थंडीत लाल गोळा झाला की लगेच. मेमध्ये मात्र वाईत हे जमत नाही, डोंगराआड अर्धं गेलेलं बिंबही डोळे दिपवतं. तेव्हा वऱ्हाडाची तयारी असेल तर पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या टेबललँडवर जायचं. नाहीतर तो फोटो सोडून द्यायचा.

फोटो म्हणून तो साधारणच येतो. समोरून ऊन, चेहरे सपाट, जर मेलेली, दोघांच्या भुवया आकसलेल्या. अल्बमसाठी आजवर कोणी तो निवडलेला नाही. मी तो छापून पाकिटात घालते आणि पैसे लावत नाही. चार दिवसांनी सासूबाईंचा फोन येतो, अहो, हा एक चुकून आलाय का, डोळे बारीक आलेत दोघांचे. मी सांगते, चुकून नाही, राहू द्या.